मिरचीला हात लावण्याआधी

"मॅडम, काहीतरी जालीम सांगा."

शेतीखात्यातल्या माझ्या नोकरीत हे वाक्य मी जेवढं ऐकलं तेवढं स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. माणूस दारात चपला काढायच्या आधी हे म्हणायचा. मग पिशवीतून आकसलेलं, पानं वाटीसारखी वळलेलं मिरचीचं झाड काढून माझ्या टेबलावर ठेवायचा, मुळांच्या मातीसकट. मी ते उलटंपालटं करून सांगायचे, "हा व्हायरस आहे. ह्याला औषध नाही." त्यावर त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू मीच रोग आणला.

वाणगावच्या एका बागायतदारानं तर सरळ विचारलं होतं, "मग सरकारनं तुम्हाला ठेवलंय कशाला?" माझ्याकडून उठून तो समोरच्या औषधाच्या दुकानात गेला. तिथून तीन बाटल्या घेतल्या, तिन्ही एका पंपात ओतल्या आणि मारल्या. आठ दिवसांनी परत आला. "तुम्ही म्हणता औषध नाही. दुकानात तर तीन प्रकारची होती!" झाडं तशीच आकसलेली, वर पानं जळलेली. मी त्याला चहा पाजला. डोकं माझं दुखत होतं, बिस्किटं त्याने खाल्ली.

डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. किनाऱ्याला चिकूवाले, वाणगावकडे मिरचीवाले, कासा-चारोटीच्या वरच्या अंगाला भात आणि नाचणी. चिकूवाले तक्रारी करतात पण त्यात एक सभ्यपणा असतो. भातवाले तक्रारच करत नाहीत, आणि तेही बरोबर नाही. डोकं उठवलं ते मिरचीनं. ढोबळी असो की लवंगी, मिरचीवर व्हायरस आला की शेतकरी आणि मी, दोघंही वेडे व्हायची पाळी.

विषाणू म्हणजे काय, हे मी किती बांधांवर उभी राहून सांगितलं असेल! कोरोनात टीव्हीवाल्यांनी काटेरी चेंडू दाखवून दाखवून सगळ्यांना पंडित केलं. त्यानंतर तर मला उलट शिकवणारे भेटू लागले. "मिरचीला मास्क लावायचा का मॅडम?" असं विचारून हसणारा एक तरी प्रत्येक सभेत असायचाच. पण माणसाची पेशी आणि झाडाची पेशी ह्यात मोठा फरक आहे. माणसाच्या पेशीला पातळ पापुद्रा असतो. विषाणू त्यावरच्या कडीशी खटपट करून आत घुसतो. झाडाच्या पेशीला मात्र पापुद्र्याबाहेर चांगली टणक भिंत असते. विषाणूला ना दात ना नखं, त्याला ती फोडता येत नाही. त्याला भोक कुणीतरी पाडून द्यावं लागतं. पांढरी माशी सोंड खुपसते, तेव्हा तो तिच्या तोंडातून आत जातो. किंवा आपण शेंडा खुडतो, पानावरची बारीक लव मोडते, तेवढी जखमही काही विषाणूंना पुरते.

आत गेला की तो अंगावरचं आवरण उतरवतो. आत असते फक्त एक लांबलचक सूचना: माझ्यासारखे आणखी बनव. पेशीला आपलं-परकं कळत नाही. ती बिचारी स्वतःची कामं टाकून त्याचीच पिलावळ बनवत बसते. पेशीपेशींमध्ये बारीक वाटा असतात, त्यातून ही पिलावळ शेजारी जाते. शेवटी पेशी थकून मरते, पान पिवळं-हिरवं चट्ट्यापट्ट्याचं होतं, खोडावर काळ्या रेघा उठतात, फळ वाकडंतिकडं.

काही जातींच्या मिरचीत मात्र एक सोय असते. विषाणू आत आल्याचं पेशी ओळखते, आणि त्याची पिलावळ पसरायच्या आत स्वतःलाच मारून टाकते. आजूबाजूच्या चार पेशीही मरतात. पानावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका पडतो आणि विषाणू त्या मेलेल्या पेशींत अडकून राहतो. म्हणजे तो ठिपका ही चांगली खूण. आणि आमचे लोक काय करतात? ठिपका दिसला की पंप पाठीला! झाड स्वतःचं स्वतः निस्तरतंय, त्याला निस्तरू द्या, असं मी ओरडून सांगायचे. गप्प बसून बघणं हे काम कुणाला कधी पटतच नाही.

आता वेवजीची गोष्ट सांगते. माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची.

वेवजी म्हणजे तलासरी तालुक्याचं टोक, पलीकडे गुजरात. तिथल्या घराघरांतला एक तरी माणूस सीमेपलीकडच्या कंपनीत जातो. रघूही जायचा. बायको कल्पना बारावी झालेली, हुशार, प्रश्न नेमके विचारणारी. दोघांनी ठरवलं की घरच्या जमिनीवर शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचं घर, उभारायचं आणि त्यात ढोबळी मिरची करायची. रघूनं कंपनी सोडली. पहिलं पीक हाताला लागलं तर घरी राहायचं, नाही लागलं तर परत कंपनीत. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त माहीत होतं रघूच्या आईला, लाडकीबाईला. तिचा थोरला मुलगा गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. आता वर्षातून कधीतरी पाहुण्यासारखा येतो. धाकटा तरी डोळ्यांसमोर राहावा, एवढीच तिची इच्छा होती.

लाडकीबाई मला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणाली. तिकडे कलेक्टरलाही तूच म्हणतात. मला ते आवडायचं. निदान कुणीतरी मला "मॅडम, मॅडम" करून जालीम औषध मागत नव्हतं. तिचा हात फार हलका. ढोबळीचं झाड दोरीवर चढवायचं, पानांच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, हे काम तिनं एकदा बघितलं आणि सुनेपेक्षा सफाईनं करू लागली. गादीवाफ्याच्या, म्हणजे बेडाच्या, एका टोकाला बसायची आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जायची, प्रत्येक झाडाशी काहीतरी पुटपुटत.

एक दिवस कल्पनाचा फोन आला. "मॅडम, पानं चट्ट्याची झालीत. दुकानदार माशीचं औषध देतोय. घेऊ?"

"काही घेऊ नकोस. मी येतेय."

गेले आणि कपाळावर हात मारला. माशीनं आणलेला रोग कडेनं येतो, नाहीतर इथे एक, तिथे एक असा विखुरलेला दिसतो. इथे झाडं ओळीनं आजारी होती. बेडाच्या सुरुवातीपासून एकामागून एक, नंतर कमी कमी होत गेलेली. माशी अशी शिस्तीत चालत नाही. हा हातानं नेलेला रोग होता. तंबाखूच्या झाडावरचा एक विषाणू मिरचीलाही लागतो. तंबाखू वाळवली, कुटली, पुडीत भरली तरी तो तिच्यात टिकून राहू शकतो. माणूस तळहातावर तंबाखू मळतो, त्याच हातानं शेंडा खुडतो, आणि झाडाला जखमही होते नि विषाणूही मिळतो. घरपोच सेवा.

मी तिघांना बांधावर बसवलं. "तंबाखू कोण खातं?"

"मी सोडली मॅडम," रघू म्हणाला. "मुलगी झाली तेव्हाच."

कल्पनानं मान डोलावली. "ह्यांनी शपथ घेतलीय."

"लाडकीबाई, तुम्ही?"

"नाय बाय. मी कदी खाल्लीच नाय."

आता काय? बियाण्यातून आला असेल म्हणावं, तर रोपवाटिकेतून एकत्र आणलेली बाकीची रोपं ठणठणीत. मी डोकं खाजवत बसले. कल्पनानं कोरा चहा आणला. चहा झाल्यावर लाडकीबाईनं कमरेची छोटी डबी काढली, चिमूटभर भुकटी बोटावर घेतली आणि निवांतपणे हिरड्यांवर फिरवू लागली.

"हे काय आहे?"

"बजर. दाताला."

बजर म्हणजे तिकडची तपकीर. गुजरातेतून येते. तंबाखूची कोरडी भुकटी, दुसरं काही नाही.

"अहो, ही तंबाखूच की!"

"खात नाय," ती शांतपणे म्हणाली. "लावते."

तिनं खोटं सांगितलंच नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, बजर बायका लावतात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. इतकी वर्षं त्याच पाड्यांत फिरले आणि शेतातल्या बायकांना "बजर लावता का?" असं मी एकदाही विचारलं नव्हतं. चिडायचं कुणावर हे न कळून मी त्या डबीवरच चिडले.

मग मी पान हातात घेऊन तिला सगळं समजावलं. भिंत, जखम, आतली सूचना, पिलावळ. आजारी झाडं उपटून जाळावी लागतील, हेही. तपकिरी ठिपक्याची गोष्ट तिला फार आवडली. पुन्हा सांगायला लावली.

"तिला कोन सांगतं, तू मर म्हनून?"

"कुणी नाही. तिची तीच मरते. बाकीचं झाड वाचावं म्हणून."

"चांगली हाय," ती म्हणाली. आणि त्या पानावर ठिपका शोधू लागली.

खरी कटकट पुढेच होती. झाडांना हात लावण्याआधी हात दुधात बुडवायचे, असा उपाय आहे. दुधातली प्रथिनं विषाणूला गुंडाळून ठेवतात, तो पानात शिरायला उरत नाही. मी हे उत्साहानं सांगितलं आणि तिघं एकमेकांकडे बघू लागली. घरामागे गाय होती, तिचं वासरू होतं. पण त्या घरात गाय कुणी पिळत नव्हतं. गायीचं दूध वासराचं, हा तिथला जुना नेम. माणसं कोरा चहा पितात. रघूची मुलगीही कोरा चहाच पीत समोर बसली होती.

"बरं, पावडरचं दूध आणा तलासरीहून," मी म्हटलं.

"पोरीला नाय आनलं कदी," लाडकीबाई म्हणाली, "आन हाताला आनायचं?"

शास्त्र माझ्या बाजूनं होतं, तरी मला त्या मुलीकडे बघवेना. साबणानं खसखसून धुतले तरी बरंच काम होतं, पण साबणावर भरवसा टाकून पुन्हा रोग आला तर? मी हट्ट सोडला नाही. कल्पना म्हणाली, "आणू आपण. मुलीलाही देऊ, हातालाही लावू." प्रश्न तिनं दोन वाक्यांत मिटवला. पण लाडकीबाई उठली.

"मी दुधात हात नाय घालनार. त्यापेक्षा मी आतच नाय येत."

आणि खरंच नाही आली. आपल्या ओळी तेवढ्या तिनं स्वतः उपटल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ज्या झाडांशी पुटपुटायची ती मुळासकट काढून तिनं जाळली, हात धुतले आणि शेडनेटच्या बाहेर आंब्याखाली जाऊन बसली. रोज तिथेच बसायची. जाळीतून आत बघायची. कल्पना सांगायची, "आई जेवत नाही नीट. म्हणते, माझ्या हातानं पोराचं पीक गेलं." मी तिला दहा वेळा समजावलं की दोष हाताचा नाही, बजरचा आहे. ती "हां बाय" म्हणायची आणि तिथेच बसून राहायची.

शेडनेटचा अर्धा भाग तोवर रिकामाच ठेवला होता, तो ह्यानंतर लावला. नवी रोपं, नव्या दोऱ्या. लाडकीबाईनं ती रोपं लांबूनच बघितली. काम रघूनं आणि कल्पनानं वाटून घेतलं: डावीकडचे बेड त्याचे, उजवीकडचे तिचे. दारात दुधाची बादली. मी खूश होते. तलासरीच्या एका सभेत मी वेवजीचं उदाहरणसुद्धा देऊन मोकळी झाले.

मग पुन्हा फोन. ह्या वेळी कल्पना नुसतं "या" म्हणाली.

चट्ट्याची झाडं डाव्या बेडांवर होती. ओळीनं. उजवीकडे एकही नाही.

मी वळून बघितलं. रघू खाली मान घालून ठिबकची नळी उगाच नीट करत होता. कल्पना त्याच्याकडे बघत होती. तेवढ्यात जाळीबाहेरून आवाज आला.

"मी गेलती आत. तुमी बाजाराला गेलते तवा. मीच हात लावला."

लाडकीबाई दारात उभी होती. आत मात्र पाऊल टाकत नव्हती.

माझा संताप संताप झाला. सगळं उघड दिसत होतं आणि ही बाई तोंडावर खोटं सांगत होती! "लाडकीबाई, तुम्ही आत गेला नाहीत. मला माहितीय, तुम्हाला माहितीय."

"तूच सांगितलास ना, मी गेली तर रोग येतो. आता मी गेली म्हनते, तर का नाय ऐकत?"

त्या पानावरच्या पेशीची गोष्ट मीच तिला सांगितली होती, दोनदा. पण विषाणू ज्या पेशीत आहे ती मेली तर झाड वाचतं. भलतीच पेशी मेली तर पेशीही जाते आणि झाडही. हे मला तिला ओरडून सांगायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. ती मुलाकडे बघत होती, गप्प राहा म्हणून.

"आये, पुरे," रघू म्हणाला. नळी त्यानं खाली टाकली. "मीच खातो, मॅडम. मोटरच्या खोलीत जाऊन. हात धुतो पाण्यानं. दुधात घालायचं कधी राहून जातं." मग आवाज आणखी खाली आला. "पहिल्या वेळेलाही मी खात होतो. त्या ओळींना माझाही हात लागायचा."

म्हणजे पहिल्या ओळी त्याच्या हातानं गेल्या, की आईच्या, की दोघांच्या, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेला पानं पाठवली होती. रिपोर्ट यायचाच होता, आणि तोही हात कुणाचा हे सांगणार नव्हता. पण इतके दिवस आई आंब्याखाली बसून स्वतःला खात होती आणि हा पठ्ठ्या रोज तिच्यासमोरून आत जात होता. मी त्याला नको नको ते बोलले. तलासरीपर्यंत ऐकू गेलं असेल.

कल्पनानं पदर खोचला आणि मला विचारलं, "सांगा, कुठून कुठपर्यंत उपटायची?"

लाडकीबाई माझ्यावर चिडली. मुलावर नाही, माझ्यावर! "झालं तुझं? आता जाईल तो कंपनीत. बरं वाटलं?" मी गाडीत बसेपर्यंत ती बोलत होती. एवढं करून शिव्या मलाच.

डावी बाजू गेली. उजवी उभी राहिली, तिच्यावर कसाबसा खर्च निघाला. हंगाम संपला तेव्हा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. पीक शेतातून निघाल्यावर रिपोर्ट यायचा हा आमच्याकडचा रिवाजच आहे. त्यात तोच विषाणू असल्याचं लिहिलं होतं. तोवर रघू कंपनीत परत रुजू झाला होता.

पुढच्या हंगामात मात्र शेडनेट रिकामं राहिलं नाही. कल्पनानं रोपं आणली आणि सासूला म्हणाली, "आता दुसरं कुणी नाही. तुम्हालाच यावं लागेल." लाडकीबाई आली. हात साबणानं धुऊन, शेवटी दुधातही बुडवून आली. पहिल्या दिवशी दूध बघून तिनं डोळे मिटले होते, असं कल्पना हसत सांगते. बजर तिनं सोडलेली नाही. संध्याकाळी काम संपलं, मिरचीचं दार लागलं, की मग डबी निघते. सोडा म्हणून मी सांगून थकले.

निवृत्त झाल्यावर एकदा कासाकडे काम होतं, तसंच पुढे वेवजीला गेले. रघूचा सुट्टीचा दिवस होता. शेडनेटच्या दारात लाडकीबाई उभी होती, आत लालबुंद ढोबळी लटकलेली. मी आत शिरायला गेले तर तिनं अडवलं.

"हात दाखव."

"अहो, मी कधी तंबाखू खाल्लीय का?"

"दाखव."

मी हात पुढे केले. तिनं ते नाकाशी धरून हुंगले. विषाणूला वास नसतो हे मी तिला सांगू लागले, तर म्हणाली, "तंबाखूला येतो ना? जा, दुधात घाल."

मग रघू आला. कंपनीतल्या कामानं काळवंडलेला, जरा वाळलेला. त्यानं दोन्ही तळहात आईपुढे धरले. तिनं वाकून हुंगले. एकदा, मग पुन्हा. वास नव्हता. असता तर तिनं तिथेच सांगितलं असतं.

आतून कल्पना ओरडली, "आई, सोडा त्यांना, ऊन चढतंय!"

लाडकीबाईनं हात सोडले नाहीत.